एकशेवीस तास आणि सहा महिने

"रविवारी सकाळी आठला निघायचंय, अब्बा. सर्व्हे आहे. जेवायला घरी येईन."

ज्या घरात कॉलेजात शिकणारी मुले आहेत तिथे असे वाक्य आता नवे राहिलेले नाही. कधी रक्तदान शिबिर असते, कधी झाडे लावायची असतात, कधी मतदार नोंदणी, कधी पथनाट्य. मुलगा असेल तर आपण मान हलवतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. मुलगी असेल तर प्रश्न सुरू होतात. कुठे जायचे? बरोबर कोण? सर येणार की मॅडम? आणि शेवटी मनातला खरा प्रश्न ओठांवर येतो : याचा अभ्यासाशी काय संबंध?

आमच्या घरातही हेच झाले. आम्ही भिवंडीत राहतो. मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एन.एस.एस.मध्ये, तिने नाव घातले होते. दादीचा साफ नकार होता. "शिकायला पाठवलीय की लोकांची दारं वाजवायला?" एवढे बोलून तिने तस्बीह हातात घेतली. आम्ही दोघे, मियाँ-बीबी, मधल्या मध्ये होतो. नाही म्हणवत नव्हते आणि हो म्हणायचा धीर होत नव्हता. शेवटी होकार दिला तो एका अटीवर : पहिल्या रविवारी आम्हीही मागोमाग येऊन बघणार.

त्या रविवारपासून पुढच्या सात-आठ महिन्यांत जे पाहिले, आणि आमच्या हातून जी चूक झाली, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत. तिचे नाव, तिची गल्ली, तिच्या घराची कोणतीही खूण यात नाही.

ही योजना आली कुठून?

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी. ते गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्या वेळचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन तिचा आरंभ केला. आज देशभर लाखो विद्यार्थी तिच्यात आहेत. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा द्यायची, दोन वर्षांत २४० तास पूर्ण करायचे आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, अशी तिची घडण आहे. मुलांच्या छातीवरच्या बिल्ल्यात जे चाक दिसते ते कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचे. योजनेचे बोधवाक्य साध्या मराठीत सांगायचे तर असे : मी नव्हे, तुम्ही.

या योजनेमागे बरीच वर्षे विचार चालला होता आणि त्यात आपल्याला जवळची दोन नावे आहेत. १९५९ मध्ये महाडजवळच्या नाते गावचे सुपुत्र डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. विद्यापीठात जाण्यापूर्वी प्रत्येक तरुणाकडून काही महिने सक्तीने राष्ट्रसेवा करून घ्यावी, असे त्या समितीचे मत पडले. खर्चाच्या आणि इतर अडचणींमुळे ते प्रत्यक्षात आले नाही. त्यानंतर ख्वाजा गुलामुस्सैयदैन या नामवंत शिक्षणतज्ज्ञांनी निरनिराळ्या देशांतल्या युवक-सेवेचा अभ्यास केला. सेवा सक्तीची असू नये, तरुणाने ती आपखुशीने करावी, असा त्यांचा सल्ला होता. पुढे कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्वच टप्प्यांवर विद्यार्थ्यांना समाजसेवेशी जोडावे असे म्हटले. त्या आयोगाचे एक सदस्य हेच सैयदैनसाहेब होते. आपली मुलगी बिल्ला लावून जाते तेव्हा तिच्यावर सक्ती नसते, ती स्वतःहून जाते, यात या माणसाचाही वाटा आहे.

आपल्या समाजात तर विद्यार्थ्यांची सेवा त्याहून जुनी आहे. अलीगढच्या कॉलेजात १८९० मध्ये साहबजादा आफताब अहमद खान यांनी 'अंजुमन-उल-फर्ज' काढली. इंग्रजीत तिला ड्यूटी सोसायटी म्हणत. गरीब विद्यार्थ्यांचे शिक्षण अडू नये म्हणून शिकणारी मुलेच वर्गणी गोळा करीत हिंडत. आणि त्याहून मागे जायचे तर, परगावच्या एका व्यापाऱ्याचा हक्क मक्केत मारला गेला तेव्हा पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचा जो करार झाला, त्या 'हिल्फुल फुजूल'मध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) ऐन तरुणपणी सामील होते, हे आपल्या घरातली मुलेही जाणतात. खिदमत ही कॉलेजाने आणलेली नवी गोष्ट नाही, असे आम्ही दादीला सांगितले. ती काही बोलली नाही. पण त्या रविवारी मुलीच्या पिशवीत पाण्याची बाटली तिनेच ठेवली.

वस्तीत काय पाहिले?

कॉलेजाने सेवेसाठी निवडलेली वस्ती आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. आम्ही वर्षानुवर्षे तिच्या कडेने रिक्षाने गेलो होतो, आत कधी शिरलो नव्हतो. भिवंडी म्हणजे माग. रस्त्याला लागून गाळे, गाळ्यात पॉवरलूम, आणि लूमचा खडखडाट असा की माणसाने माणसाच्या कानात बोलावे. बारा-बारा तासांची पाळी. हवेत कापसाची धूळ. गाळ्यामागे किंवा माळ्यावर खोल्या. एका खोलीत दिवसपाळीची माणसे उठून गेली की रातपाळीची येऊन झोपतात. कुणी उत्तर प्रदेशचे, कुणी बिहारचे, कुणी तेलंगणाचे. खिडकी असली तर ती समोरच्या भिंतीवर उघडते.

मुले चार-चारच्या गटाने घरोघर जात होती. प्रत्येक गटाबरोबर वस्तीतल्या आशाताई. प्रश्न साधे : घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला आहे का? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरले आहे का? रात्री घाम येतो का? 'हो' आले की नाव आशाताईंच्या वहीत जायचे आणि थुंकी तपासायची डबी हातात द्यायची.

आमच्या लक्षात आली ती आणखी एक गोष्ट. सरकारी कागद मराठीत. वस्तीतल्या बायका बोलतात हिंदी किंवा उर्दू, काही तेलुगू. कुणाच्या रेशनकार्डावर सुनेचे नाव चढले नव्हते, कुणाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज समजत नव्हता. आमच्या मुलीने पहिल्या दोन तासांत सात अर्ज वाचून दाखवले आणि चार भरले. आपल्या घरांत मराठी, उर्दू आणि हिंदी तिन्ही भाषा नांदतात. ही आपल्याला कधी मिळकत वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. या मुलांजवळ पैसा नव्हता, अधिकार नव्हता. पण ती दोन भाषांच्या मध्ये उभी राहू शकत होती.

दुपारी परतताना अम्मी मुलीला म्हणाली, "जा तू दर रविवारी." आमची हरकत तिथेच संपली.

सहा महिन्यांचे औषध

त्या सर्व्हेत मिळालेल्या नावांत एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, म्हणजे आमच्या मुलीच्याच वयाची. घरी बसून ओढण्यांना मोती आणि टिकल्या लावण्याचे काम करायची. वडील लूमवर. खोकला दीड महिन्यापासून. घरात कफ सिरपच्या चार बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला.

क्षयाविषयी आपल्या घरांत आजही कुजबुजत बोलतात, म्हणून थोडी माहिती इथेच देतो. रॉबर्ट कोख यांनी या रोगाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. म्हणजे हा शाप नाही, कुणाच्या कर्माचे फळ नाही, जंतूंमुळे होणारा आजार आहे, हे कळून सव्वाशेपेक्षा जास्त वर्षे झाली. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण एकट्या भारतात आहेत. फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, रुग्णाच्या खोकल्यातून. त्याच्या ताटवाटीतून, कपड्यातून पसरत नाही. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय असेल तर उपचार सहा महिन्यांचा : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. उपचार नीट सुरू झाला की साधारण दोन-तीन आठवड्यांत रुग्णापासून इतरांना होणारा धोका खूपच कमी होतो. पुष्टिक आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती.

अडचण असते ती वेगळीच. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, चेहऱ्यावर तजेला येतो आणि माणसाला वाटते, झालो बरा. गोळ्या सुटतात. अर्धवट सोडलेला रोग पुन्हा उठतो तेव्हा कधी कधी त्याच गोळ्यांना जुमानत नाही. मग उपचार लांबतो आणि कठीण होतो. शिवाय त्यातल्या एका औषधाने लघवी लालसर-नारिंगी होते. हे आधी सांगितलेले नसले की रक्त जाते आहे असे वाटून माणूस घाबरतो. त्या मुलीची आई घाबरली होतीच. आमच्या मुलीने फोनवर पाच मिनिटांत समजावले, म्हणून गोळ्या चालू राहिल्या.

विद्यार्थ्याचे वर्षाचे तास १२०. त्यातले काही प्रशिक्षणात, काही कॉलेजच्या आवारात, आणि साधारण ७० वस्तीत. क्षयाचा उपचार सहा महिने रोज. हा हिशेब जमत नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नव्हते.

एक फोटो

डिसेंबरात विद्यार्थ्यांनी आपसांत पैसे जमवून वस्तीतल्या काही रुग्णांना आहाराच्या पिशव्या दिल्या. डाळ, तेल, शेंगदाणे, दूध पावडर. सरकारच्या 'निक्षय मित्र' उपक्रमात कोणीही अशी जबाबदारी घेऊ शकतो, रुग्णाची संमती मात्र हवी. संमती घेतलेली होती. ती पिशवी घेण्यासाठी होती, फोटोसाठी नव्हती. कार्यक्रम अधिकारी असलेल्या मॅडमनी बजावलेही होते की रुग्ण फोटोत नको. मुलांनी मग आपापसात एक फोटो काढला. त्यात कोपऱ्यात, दाराशी, पिशवी धरून ती मुलगी उभी होती. कुणाचे लक्ष गेले नाही.

आमच्या मुलीने तो घरच्या ग्रुपवर पाठवला, दादीला दिसावा म्हणून. आणि आम्ही काय केले? मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिले : "आमची लेक क्षयरुग्णांची खिदमत करताना. दुवा करा." माशाअल्लाहचा पाऊस पडला. आम्ही दोघांनी ते सगळे संदेश दोन-दोनदा वाचले. खोटे कशाला बोलावे, छाती फुगली होती.

तो फोटो मोहल्ल्यातून पुढच्या मोहल्ल्यात आणि तिथून वस्तीत पोचायला दोन दिवस लागले. त्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती. मुलाकडचे लोक नाते न तोडता गप्प झाले. शेजारणीने आपल्या मुलांना त्यांच्या दारात जायला मनाई केली. ज्या बाईकडून ओढण्यांचे काम यायचे तिने काम थांबवले. आणि मुलीने गोळ्या थांबवल्या. केंद्रात गेली की चारजण बघतात, म्हणून जाणेच बंद. आशाताई गेल्या तर दार उघडले नाही.

हे आम्हांला कळले ते मुलीकडून. ती ओरडली नाही. तिने मोबाइल आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, "अब्बा, तिला विचारलं होतं का?" मग अम्मीकडे बघून म्हणाली, "चूक माझी पण आहे. मी पाठवायलाच नको होता."

आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी असरनंतर तिच्या घरी गेलो. आईने दार अर्धेच उघडले. आम्ही माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "तुमची मुलगी शिकलेली आहे. तिचं नाव होईल. माझ्या मुलीचंही नाव झालं, बघा." आणि दार लावून घेतले. याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

मोती लावायला शिकवशील?

ग्रुपवर माफीनामा लिहावा असे आधी वाटले. मुलीनेच अडवले. त्याने पुन्हा तीच चर्चा झाली असती. फोटो काढून टाकला आणि ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला असावा त्यांना एकेकाला फोन करून पुसायला सांगितले. काहींनी पुसला, काही हसले. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना भेटलो. कुणाचेही नाव न घेता, जुमाच्या नमाजेनंतर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दहा मिनिटे माहिती द्यावी असे ठरले. त्या दिवशी नमाजेनंतर डॉक्टरांना बाजूला घेऊन तिघांनी स्वतःच्या खोकल्याबद्दल विचारले. एवढे तरी त्यातून निघाले.

पण मुलगी गोळ्या घेत नव्हती. नऊ दिवस झाले होते.

आमची मुलगी एकटीच पुन्हा गेली. बिल्ला नाही, टोपी नाही, हातात वही नाही. दारातूनच म्हणाली, "मला ओढणीला मोती लावायला शिकवशील?" आतून बराच वेळ काही आले नाही. मग ती म्हणाली, "फोटो काढायचा नाही." "मोबाइल घरी ठेवून आलेय," आमच्या मुलीने सांगितले. खरेच ठेवून गेली होती.

त्या दिवसापासून आठवड्यातून दोन-तीनदा ती जाऊ लागली. तिच्या दोन मैत्रिणीही आळीपाळीने. शेजाऱ्यांना दिसायचे ते एवढेच की कॉलेजच्या मुली मोती लावायला शिकतात. दार उघडे ठेवून, उजेडात, उंबरठ्याजवळ बसून. बोलणे ओढण्यांचे, सिनेमाचे, परीक्षेचे. मध्येच एकदा, "आज घेतली?" एवढाच प्रश्न. चौथ्या दिवशी ती स्वतः केंद्रात गेली. डॉक्टरांनी रागावून न घेता औषध पुढे चालू केले आणि चुकलेले दिवस शेवटी भरून काढावे लागतील असे सांगितले. पुढच्या महिन्यात ती आमच्या मुलीला म्हणाली, "तुझा टाका फार सैल पडतो." शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे तोवर उलटे झाले होते.

मग रमजान आला. तिला रोजे ठेवायचे होते. गोळ्यांचे काय? इथे दादी कामी आली. एके संध्याकाळी ती नातीबरोबर गेली, तिच्या आईशेजारी चटईवर बसली आणि म्हणाली, "आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिलीय. ती नाकारून आपण कुणापेक्षा मोठे होणार? बरी झालीस की कजा कर." डॉक्टरांनाही विचारले. तिची तब्येत आणि वजन पाहून त्यांनीही या वर्षी नको असेच सांगितले. वाचकहो, हा सल्ला त्या एका रुग्णासाठी होता. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावे, गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नये. दादीने पहिल्या दिवशी काय म्हटले होते, याची आठवण आम्ही तिला करून दिली नाही.

जानेवारीच्या शिबिरानंतर मुलीचे वर्षाचे १२० तास भरले होते. दैनंदिनीवर सह्या झाल्या. कायद्याने तिचे काम संपले. मार्च-एप्रिलात परीक्षा. आम्हीच एकदा म्हणालो, आता थोडे थांब. ती म्हणाली, "अजून तिच्या गोळ्या कुठे संपल्यात?"

गोळ्या संपल्या मेच्या अखेरीस. तपासणीत जंतू सापडले नाहीत. वजन सहा किलोने वाढले होते. ओढण्यांचे काम पुन्हा येऊ लागले, दुसऱ्या एका बाईकडून. रिश्त्याची बोलणी मात्र परत सुरू झाली नाहीत. सगळे छान झाले असे लिहिता आले असते तर आम्हांला आवडले असते. ज्या घरासमोर आम्ही माफी मागितली, त्या घराने आम्हांला माफ केले की नाही हेही आम्ही विचारलेले नाही. ईदला तिची आई शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली आणि दादीच्या हातात देऊन गेली. आमच्याशी फक्त सलाम झाला.

आपण घरच्यांनी काय करावे?

मुलांना सेवेला पाठवावे का, असे आता कुणी विचारले तर आम्ही हो म्हणतो. सेवेला गेल्याने काही गुणांचा फायदा होतो, नव्या शैक्षणिक धोरणात तिला श्रेयांकही आहेत. ते मिळावेत, त्यात वाईट काही नाही. पण आमचे 'हो' त्यासाठी नाही. पुस्तकात क्षयाच्या जंतूचे चित्र काढणारी आमची मुलगी आता हेही जाणते की तो जंतू कोणत्या खोलीत वाढतो आणि तिथली खिडकी कुठे उघडते.

मुलींच्या बाबतीत जी काळजी वाटते ती खोटी नाही. तिच्यावर उपाय नकार हा नाही. कार्यक्रम अधिकारी कोण आहेत ते विचारा, त्यांना जाऊन भेटा. निवासी शिबिर असेल तर मुलींची राहण्याची सोय, सोबत शिक्षिका आहेत का, नमाजेची आणि जेवणाची व्यवस्था काय, हे मोकळेपणी विचारा. विचारले की बहुतेक अडचणींना उत्तर सापडते. जमले तर एक दिवस स्वतः जाऊन बघा. आमचे मत तसेच बदलले.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. ज्याची मदत करतो त्याचा चेहरा आपला नाही. पिशवी देताना काढलेला फोटो देणाऱ्याला अभिमान देतो आणि घेणाऱ्याकडून काहीतरी काढून घेतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या दोन्ही हातांत मोबाइल आला आणि ते विसरलो. मुलांपेक्षा आधी आम्ही मोठे विसरलो.

तिसरी गोष्ट, काम निवडताना ते कधी संपते ते आधी बघावे. झाड लावणे एका सकाळचे काम, ते जगवणे तीन उन्हाळ्यांचे. एका मुलाला वाचायला शिकवायला वर्ष लागते. रुग्णाची सोबत सहा महिने. एकट्या विद्यार्थ्याला ते झेपत नाही. मग दोन-तीन मैत्रिणींनी, आणि परीक्षेच्या काळात घरच्या एखाद्या मोठ्या माणसाने, मधला भार उचलावा. आमच्या मुलीच्या परीक्षेत ते तीन आठवडे अम्मी जात होती. तिचाही टाका सैल पडतो म्हणतात.

आणि चौथी गोष्ट, लांब जायची गरज नाही. आपल्या घरापासून वीस मिनिटांवर अशी एक गल्ली असतेच जिच्यात आपण कधी शिरलेलो नाही.

मुलीची दैनंदिनी आमच्या कपाटात आहे. तीत तारीखवार सगळे लिहिलेले आहे : सर्व्हे ४ तास, श्रमदान ३ तास, रॅली २ तास, बेरीज १२०. खाली सही आणि शिक्का. मोती शिकायला गेलेल्या संध्याकाळी तीत कुठेच नाहीत. आम्ही एकदा म्हटले, मॅडमना सांगून त्याही लिहून घे, खरे तर तेच तुझे मोठे काम. ती नको म्हणाली. "त्या कशाला लिहू? तेव्हा मी मैत्रिणीकडे गेले होते."